अल जझीरा इंग्लिश दिवसभर पाहिली. घरात लावावी की नाही?

मृगधारा

गेल्या शनिवारी सकाळी साडेसहाला टीव्ही लावला तो रात्री साडेअकराला बंद केला. मध्ये जेवणं आणि भाजीबाजार, एवढाच खंड. दिवसभर एकच वाहिनी, अल जझीरा इंग्लिश. आमच्या घरी तिच्यावरून दोन महिने वाद चालू आहे. धाकट्या दिरांचं म्हणणं, ही कतारच्या अमिराच्या पैशावर चालणारी वाहिनी, तिची बातमी म्हणजे पढवलेल्या पोपटाचं बोलणं. माझं म्हणणं, आधी बघा तरी. शेवटी ठरवलं, आपणच एक दिवस सलग बघायचं आणि वहीत टिपून ठेवायचं.

आधी ध्यानात आलं ते घड्याळ. त्यांची बातमीपत्रं ग्रिनिचच्या ठोक्याला सुरू होतात, त्यामुळे आपल्याकडे ती कायम साडेला येतात. साडेसात, साडेआठ, साडेनऊ. अर्धा तास बातम्या, मग अर्धा तास माहितीपट नाहीतर चर्चा, मधूनच तासभराचं न्यूजअवर. ही वीण रात्रीपर्यंत फारशी सुटत नाही.

मग सुदान. तिथे एप्रिल २०२३ पासून युद्ध पेटलं आहे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? सकाळच्या एका वृत्तात शेजारच्या चाड देशाच्या हद्दीतलं आद्रे गाव दाखवलं. सुदानच्या दारफूर भागातून पळून आलेल्या बायका पाण्यासाठी आलेल्या. रांगेत पिवळे कॅन लावलेले आणि बायका लांब सावलीत बसलेल्या. माझं माहेर माण तालुक्यातलं. टँकर यायचा त्या दिवशी आमच्याही घागरी अशाच नंबरात उभ्या असायच्या. त्यातली एक बाई बोलायला लागली आणि मध्येच गप्प झाली. कॅमेरा तिच्यावरून हलला नाही. ते गप्प बसणं कुणी कापलं नाही.

इन्साइड स्टोरी या चर्चेत एक विषय, तीन पाहुणे, तिघं बहुधा तीन वेगळ्या शहरांतले. एकाचं वाक्य पुरं झाल्यावर दुसरा बोलतो. आणि द लिसनिंग पोस्ट हा आठवड्यातून एकदा येणारा कार्यक्रम तर प्रसारमाध्यमांच्याच वागण्याची झाडाझडती घेतो. रिचर्ड गिझबर्ट तो सुरुवातीपासून सादर करतात. आपल्याकडे असा एक तरी नियमित कार्यक्रम असावा असं मला फार मनापासून वाटलं.

माझं मत सरळ आहे. मालक कोण ते पक्कं ध्यानात ठेवावं, आणि तरीही ही वाहिनी घरात लावावी. आठवी-नववीतल्या मुलांसमोर तर नक्कीच.

खडकवाट

मृगधाराताई, तुमच्या दिरांच्या बाजूने बोलतो.

तुम्ही म्हणता मालक ध्यानात ठेवा आणि बघा. पण मालकाचा हात दाखवलेल्या बातमीत दिसत नाही, तो न दाखवलेल्या बातमीत असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांना कतारच्या न्यायालयाने फाशी सुनावली. आरोप नेमका काय, हे कतारने उघडपणे सांगितलंच नाही. शिक्षा आधी कमी झाली, मग फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सुटले. सगळं घडलं कतारच्या राजधानीत, दोह्यात, जिथे या वाहिनीचं मुख्यालय आहे. सुदानच्या वाळवंटात महिनोन् महिने राहू शकणाऱ्या बातमीदारांना त्यांच्याच गावातल्या न्यायालयाच्या दारात जाऊन खोदून काढलेला एक माहितीपट करता आला नाही? मी शोधला. मला तरी सापडला नाही.

फुटबॉल विश्वचषकाचं तेच. गार्डियनने फेब्रुवारी २०२१ मध्ये आकडा छापला, स्पर्धा कतारला मिळाल्यापासूनच्या दहा वर्षांत दक्षिण आशियातले ६,५०० हून जास्त कामगार तिथे मेले, त्यात २,७११ भारतीय. हा आकडा लंडनच्या वर्तमानपत्राने का शोधावा? दोह्यातल्या पत्रकारांना तर या माणसांच्या बसेस रोज रस्त्यावर दिसत होत्या.

जगाचं दुःख दाखवणारा घरचं झाकत असेल, तर त्याच्या करुणेवर माझा विश्वास बसत नाही.

दोहाकर

१४ वर्षं दोह्यात आहे, बांधकामावर सुपरवायझर. मूळचा चिपळूणचा. खडकवाट दादा, तुमचा आकडा बरोबर आहे पण तो नीट सांगायला हवा. त्या ६,५०० मध्ये त्या देशांतल्या माणसांचे सगळ्या कारणांनी झालेले मृत्यू आहेत. स्टेडियमवरचे तेवढेच नाहीत. दुकानात काम करणारा, ड्रायव्हर, कार्यालयात बसणारा, सगळे त्यात आले. गार्डियननेही ते लिहिलं होतं, पुढे फॉरवर्ड होता होता ते गळून पडलं.

म्हणून गोष्ट हलकी होत नाही. आमच्याकडचा एक तेलंगणाचा फिटर रात्री जेवून झोपला तो सकाळी उठला नाही. वय ३१. कागदावर ‘नैसर्गिक’ असं आलं. शवविच्छेदन झालं नाही. अशी बरीच प्रेतं ‘नैसर्गिक’ म्हणून विमानात चढली. आता उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद असतं, हा नियम २०२१ चा. त्याआधी साडेअकरापासून बंद होतं. दीड तासाचा फरक काय असतो ते ज्याने लोखंडी सळई हातात धरली त्याला विचारा.

वाहिनीने हा विषय अजिबात घेतला नाही असं नाही. पण हातचं राखून घेतला, हे मीही म्हणेन. आणि इथे चित्रीकरण करणं म्हणजे काय तेही ऐका. मे २०१५ मध्ये बीबीसीचं पथक कामगारांच्या वस्त्या बघायला आलं होतं, सरकारच्याच निमंत्रणावरून. त्यांना पकडून दोन रात्री कोठडीत ठेवलं.

दुसरी बाजूही मी डोळ्यांनी पाहिली. जून २०१७ मध्ये सौदी, अमिरात, बहारीन, इजिप्त यांनी कतारची नाकेबंदी केली. सुपरमार्केटातलं सौदी दूध बघता बघता संपलं, आठवड्याभरात तुर्की दुधाची खोकी आली, त्यावरचं आम्हाला वाचताही येईना. त्या चौघांच्या १३ मागण्यांत एक मागणी होती, अल जझीरा बंद करा. दुधाचा तुटवडा सोसून इथल्या सरकारने ती मानली नाही. शेजारच्या राजेलोकांना एखादी वाहिनी एवढी खुपते, तर ती काहीतरी दाखवत असणार.

आडगाव_स्ट्रिंगर

मी मराठवाड्यात एका वाहिनीसाठी स्ट्रिंगर होतो, म्हणजे पगारी नोकर नव्हे, बातमीगणिक पैसे मिळणारा बातमीदार. नाव घेत नाही. ताईंनी लिहिलेल्या त्या गप्प बसण्याबद्दल बोलायचं आहे, कारण माझं काम तिथेच संपायचं.

शेतकऱ्याने आत्महत्या केलेल्या घरी आम्ही जायचो. डेस्कवरून फोन यायचा: बाईचा बाईट हवा, २० सेकंद, रडतानाचा असेल तर बघ. मी एकदा चार मिनिटांचं शूट पाठवलं. त्यात ती माउली नुसती धान्य निवडत बसली होती आणि मधूनच एकेक वाक्य बोलत होती. नवऱ्याने बँकेत किती हेलपाटे घातले ते सांगत होती. रात्री बातमी लागली तेव्हा त्यातले नऊ सेकंद होते, खाली लाल पट्टी, मागे संगीत. दुसऱ्या दिवशी गावात गेलो तर तिच्या दिराने विचारलं, तिनं सांगितलेलं कुठं गेलं? मला तोंड वर करता आलं नाही. ते काम मी त्या वर्षी सोडलं.

तेव्हा अल जझीरा जे करते ते किती अवघड आहे हे मला कळतं. ते त्यांना का जमतं, हेही मला कळतं. त्यांना जाहिरातीवर पोट भरायचं नाही. १९९६ ला अरबी वाहिनी निघाली ती अमिराने दिलेल्या ५० कोटी रियालवर. इंग्रजी निघाली १५ नोव्हेंबर २००६ ला, तीही कतारच्याच पैशावर. आमच्याकडे दर आठवड्याला टीआरपी येतो आणि त्यावर संपादकाची नोकरी टांगलेली असते. त्या बाईचं गप्प बसणं परवडायला कुणीतरी पैसे भरावे लागतात. तिथे गॅसचा पैसा भरतो.

म्हणून ताईंनी जे वाखाणलं आणि दादांनी ज्याला दोष दिला, ती दोन्ही पाणी एकाच विहिरीची आहेत. एक घेऊन दुसरं टाकता येत नाही.

खडकवाट

स्ट्रिंगर, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. त्या बाईंचं बोलणं जायला हवं होतं.

पण तुमच्याच विहिरीच्या गोष्टीवरून पुढे जातो. पैसा देणारा एकच असेल तर तो दोरही एकाच हाताने कापू शकतो. या वाहिनीचा जन्मच तसा झाला. बीबीसीची अरबी दूरचित्रवाणी एका सौदी कंपनीच्या पैशावर चालायची. सौदी राजवटीला झोंबेल असा कार्यक्रम दाखवला, पैसे बंद, एप्रिल १९९६ मध्ये वाहिनी बंद. तिथले बरेच पत्रकार त्याच वर्षी दोह्यात जाऊन या वाहिनीत लागले. अल जझीरा अमेरिका २०१३ ला गाजावाजा करून काढली, एप्रिल २०१६ मध्ये गुंडाळली. आणि हे फक्त आखातातलं दुखणं समजू नका. अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणारी व्हॉइस ऑफ अमेरिका ही प्रसारणसेवा मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशाने ठप्प झाली, हजाराहून जास्त माणसं घरी.

मला वर्गणीवर किंवा परवाना शुल्कावर चालणारी वाहिनी हवी. तिथे निदान पैसे देणारे हजारो-लाखो असतात.

मृगधारा

खडकवाट, हे मान्य, पण तुमचा ‘न दाखवलेल्या बातमी’चा नियम सरसकट टिकत नाही. २०११ मध्ये बहारीनमध्ये लोक रस्त्यावर आले. मार्चमध्ये आखाती देशांच्या फौजा तिथे उतरल्या, त्यात कतारही सामील होता. अरबी वाहिनीने तो उठाव इजिप्तसारखा लावून धरला नाही, ही टीका तेव्हाच झाली आणि ती रास्त होती. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्रजी वाहिनीने त्या दडपशाहीवर तासाभराचा माहितीपट दाखवला. ‘शाउटिंग इन द डार्क’. बहारीनचं सरकार खवळलं. अमेरिकेतला पत्रकारितेचा पोल्क पुरस्कार त्याला मिळाला. एकाच इमारतीत, एकाच मालकाच्या पैशावर हे घडलं. त्या पत्रकारांनी जोखीम घेऊन जागा काढली, हे तुम्ही मोजणार की नाही?

सह्याद्री_१९

बहारीनचं पुरे. आपल्या देशाबद्दल बोला. २०१३-१४ मध्ये या वाहिनीने काश्मीरचा चुकीचा नकाशा पुन्हा पुन्हा दाखवला. सर्व्हे ऑफ इंडियाने चुका दाखवून दिल्या. शेवटी २२ एप्रिल २०१५ पासून पाच दिवस सरकारने तिचं प्रसारण थांबवलं, पडद्यावर नुसती निळी पाटी. बरोबर केलं. माझे काका त्या सीमेवर जखमी झाले. नकाशा ही माझ्या घरासाठी रेघोट्यांची गोष्ट नाही.

मृगधारा

सह्याद्री, नकाशा चुकला हे चुकलंच, आणि काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. दुरुस्ती करायला भाग पाडणं योग्य. पाच दिवस काळोख करणं मला पटत नाही. त्या पाच दिवसांतच, २५ एप्रिलला, नेपाळचा भूकंप झाला.

निवृत्त_गुरुजी

मी रत्नागिरी जिल्ह्यात ३४ वर्षे इतिहास-भूगोल शिकवला. मालकाच्या वादात पडत नाही. माझा आक्षेप शेवटच्या वाक्याला आहे, आठवी-नववीच्या मुलांसमोर लावण्याला.

माझा नातू तेरा वर्षांचा आहे. त्याच्या वडिलांनी इंग्रजी सुधारावे म्हणून हीच वाहिनी लावून दिली. गाझातील एका रुग्णालयाची जमीन, तीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेली लहान लहान गाठोडी. त्याने मला विचारले, आजोबा, यांची नावे कापडावर पेनाने का लिहिली आहेत? मी उत्तर दिले. तो जेवला नाही. नंतर काही रात्री दिवा चालू ठेवून झोपला.

जे घडते ते दाखवू नये असे मी म्हणत नाही. त्यांचे स्वतःचे बातमीदार हे दाखवताना मारले गेले आहेत. शिरीन अबू अक्लेह मे २०२२ मध्ये वेस्ट बँकेतील जेनिनला गोळी लागून गेल्या, त्यांच्या अंगावर प्रेस लिहिलेले जाकीट होते. त्यांच्या धैर्यापुढे मी मान झुकवतो. पण वर्गात मी महायुद्ध शिकवायचो तेव्हा आधी नकाशा, मग कारणे, मग माणसे, असा क्रम ठेवायचो. वाहिनीला तो क्रम ठेवता येत नाही. तासागणिक तेच दृश्य परत येते. मुलाला शेजारी मोठे माणूस हवे, आणि त्या माणसाला पुरेसे माहीत हवे. आपल्या किती घरांत ते आहे?

आडगाव_स्ट्रिंगर

गुरुजींशी पूर्ण सहमत. न्यूजरूममध्ये एकच क्लिप आम्ही दिवसातून चाळीस वेळा बघायचो आणि संध्याकाळपर्यंत ती क्लिप उरायची, माणूस जायचा. मुलांना बातमीपत्र नको, माहितीपट दाखवा. एक, आणि मग टीव्ही बंद.

मृगधारा

गुरुजी, ते वाक्य मी मागे घेते. माझी मुलगी त्या शनिवारी क्लासला गेली होती म्हणून हा प्रश्न मला पडलाच नाही. स्ट्रिंगर म्हणतात तसं करीन, एक माहितीपट, मी शेजारी.

खडकवाट, तुमच्यासाठी काल रात्री वही पुन्हा काढली. सतरा तासांची टिपणं, ११ पानं. त्यात ‘कतार’ हा शब्द कुठे कुठे आला तेवढंच पेन्सिलने गोल करत गेले. दोन गोल झाले. एक गाझाच्या वाटाघाटीत, मध्यस्थ म्हणून. दुसरा हवामानात, तिथे मी लिहिलंय: प्रायोजक कतार एअरवेज.

खडकवाट

वही जपून ठेवा. येत्या शनिवारी मी बसतो, साडेसहाला.