प्लॅन २००चा, राउटर जुना : बदलू की राहू देऊ?

दांडियाबाजारकर :
बडोद्यात दांडिया बाजारात जुनं घर आहे. तळमजला आणि वर दोन खोल्या, भिंती दीड फुटी विटांच्या. फायबर आहे. कंपनीच्या ओएनटीमागे (फायबर जिथे येते ती डबी) २०१४चा एन-३०० राउटर लावलाय : फक्त २.४ गिगाहर्ट्झ, सगळे पोर्ट १०/१०० (जास्तीत जास्त १०० एमबीपीएसचे). प्लॅन १००चा २०० एमबीपीएस केला, तरी फोनवर खाली २०-२२ आणि वर जेमतेम ८-१०. दुकानदार म्हणतो वायफाय ६चा तीन नगांचा मेश संच (घरभर ठेवायचे, आपसात वायफायने बोलणारे राउटर) घ्या. खरंच लागेल का, की सेटिंगमध्येच काही निघेल?

तांब्याची_तार :
ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकत्र करू नका. १०/१०० पोर्टमधून ९४-९५च्या वर काही निघत नाही, प्लॅन २००चा असो की ५००चा. त्याला सेटिंग नाही. पण फोनवर २० येतात ते पोर्टमुळे नव्हे, वायफायमुळे.
आधी राउटर बाजूला काढा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि केबलने थेट ओएनटीला जोडून स्पीड मोजा. ओएनटी ब्रिज मोडमध्ये (स्वतः लॉगिन न करता नुसतं पुढे पाठवणारा) असेल तर लॅपटॉपवरच पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या जोडणीचं, युजरनेम-पासवर्ड टाकावं लागेल.

गच्चीवरचा_अँटेना :
तोवर राउटरच्या वायरलेस पानावर तीन गोष्टी बघा.
सिक्युरिटी टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी या जुन्या पद्धतीची असेल तर एन-राउटरही ५४च्या लिंकवर (कागदावरच्या वेगावर) उतरतो, हातात २०-२५ पडतात. डब्ल्यूपीए२ आणि एईएस करा. डब्ल्यूएमएम (कुठला डेटा आधी पाठवायचा ते ठरवणारी सोय) बंद असेल तरी हेच होतं, ते चालू ठेवा.
चॅनल ऑटोवर न ठेवता १, ६ किंवा ११ यांतला जो कमी गर्दीचा असेल तो घ्या. ३ किंवा ४ घेतला की १ आणि ६ या दोन्हींवरच्या शेजाऱ्यांशी भांडण.
रुंदी ४० नको, २० मेगाहर्ट्झ करा. दाट वस्तीत ४० म्हणजे निम्म्या गल्लीचा गोंगाट आपल्या घरात घेणं.
एवढं केल्यावर दोन अँटेनाच्या फोनची लिंक १३० किंवा १४४ दिसेल. प्रत्यक्षात साधारण निम्मे मिळतात. खाली ६० मिळाले तर समाधान माना, या राउटरची धाव तेवढीच.

दांडियाबाजारकर :
सिक्युरिटी टीकेआयपीच होती! बदलल्यावर खाली ५५-६०. वर मात्र १२. आणि लॅपटॉप थेट ओएनटीला लावला तरी ९४च. लॅपटॉपचा पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) आहे, ओएनटीचाही. मग कंपनी १००च देतेय का?

तांब्याची_तार :
कंपनीला फोन करायच्या आधी पॅच कॉर्ड बघा. नेटवर्क अ‍ॅडॅप्टरच्या स्टेटसमध्ये १०० एमबीपीएस दिसत असेल तर दोष बहुतेक वायरीत. १००ला १, २, ३ आणि ६ या चारच पिना पुरतात. गिगाबिटला आठही लागतात. स्वस्त कॉर्डमध्ये चारच तारा असतात, किंवा ४-५, ७-८ पैकी एखादी क्लिपमध्ये नीट दाबलेली नसते. लिंक तुटत नाही, गुपचूप १००वर उतरते, म्हणून कुणाला संशय येत नाही. कॅट-५ई किंवा कॅट-६ची तयार कॉर्ड घ्या, निव्वळ तांब्याची. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली घेऊ नका.

दांडियाबाजारकर :
कॉर्ड बदलली, थेट १९०+. म्हणजे राउटर बदलायचाच?

वाडीवाली :
२०० वापरायचे असतील तर हो. नाहीतर प्लॅन परत १००चा करा. त्यात कमीपणा नाही.
घेताना ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही), वायफाय ६ आणि वॅनसकट (इंटरनेट आत येतं तो पोर्ट) सगळे पोर्ट गिगाबिट, एवढं पुरे. खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० छापलेलं असतं आणि पोर्ट निघतात १००चे, तेव्हा मागची बारीक अक्षरं वाचा.
मेश मात्र नको. वरचा नग त्याच दीड फुटी भिंतीतून खालच्याशी बोलणार, आणि ५ गिगाहर्ट्झ विटांत २.४हून लवकर दमतं. जिन्याच्या कडेने कॅट-६ वर न्या. गच्चीवरून नेऊ नका : उन्हात आवरण तडकतं, उत्तरायणात मांजा अडकतो.
वर जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय देण्यापुरता, लावा. नवा १९२.१६८.१.१वर असेल तर जुन्याचा लॅन आयपी आधी १९२.१६८.१.२ करा, पुन्हा लॉगिन करा, मग डीएचसीपी (फोनांना आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद. केबल लॅन पोर्टात, वॅन रिकामा. डीएचसीपी चालू राहिलं तर दोघं पत्ते वाटतात आणि फोन मधूनच ‘इंटरनेट नाही’ म्हणतो.

गच्चीवरचा_अँटेना :
जुन्याला फर्मवेअर (आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट कधीच थांबले असतील. तरी ठेवायचा?

वाडीवाली :
मुख्य राउटर म्हणून नाही. आतल्या बाजूला, एईएस लावून, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडणी) बंद करून, वरच्या दोन फोनांपुरता चालेल. टीव्ही वर असेल तर तिथेही गिगाबिटचाच घ्या.
आणि जुना रिसेट करण्याआधी त्याच्या वॅन पानाचा फोटो काढून ठेवा. पीपीपीओईचं नाव आणि असल्यास व्हीलॅन आयडी (कंपनीने जोडणीला दिलेला क्रमांक) त्यात मिळेल. पासवर्ड ठिपक्यांत दिसतो, तो कंपनीकडून आधीच मागून घ्या. रविवारी संध्याकाळी मागायची वेळ येऊ देऊ नका.