कोंबडीच्या भ्रूणातील क्वेलच्या पेशी ओळखताना संपूर्ण सेक्शनच उजळते

प्रश्न (घोडबंदर रस्ता, ठाणे)
नमस्कार. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी दोन दिवसांच्या कोंबडीच्या भ्रूणात क्वेल या छोट्या पक्ष्याच्या चेतानलिकेचा (जिच्यापासून मेंदू व मेरुरज्जू बनतात तिचा) तुकडा बसवते आणि पाचव्या दिवशी सेक्शन (पातळ काप) कापून क्यूसीपीएन हे प्रतिपिंड (ठरावीक रेणूला चिकटणारे प्रथिन, अँटिबॉडी) लावते. ते क्वेलच्याच पेशींना चिकटते असे शिकवले होते. माझ्या स्लाइडवर मात्र रोपण न केलेली बाजूही हिरवी दिसते. माझे नेमके कुठे चुकते आहे?

उत्तर (खारघर)
ताई, आधी रंग पेशीत कुठे आहे ते पाहा. क्यूसीपीएनची खूण केंद्रकाशी उमटते. संपूर्ण पेशी सारखीच हिरवी दिसत असेल, तर ती क्वेलची ग्राह्य धरू नका. त्यानंतर एका सेक्शनवर क्यूसीपीएन न घालता फक्त सेकंडरी (पहिल्या प्रतिपिंडाला धरणारे, चमकता रंग जोडलेले दुसरे प्रतिपिंड) लावा, आणि त्याच दिवशी, त्याच बाटल्यांतून, शुद्ध क्वेलचे एक व शस्त्रक्रिया न केलेल्या कोंबडीचे एक अशी दोन सेक्शनेही रंगवा, कारण या तिन्हींशिवाय रोपण केलेल्या भ्रूणाच्या स्लाइडवरून काहीही ठरवता येत नाही. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असते आणि त्या स्वतःहूनही चमकतात, म्हणून लाल फिल्टरमध्येही तितकेच उजळणारे ठिपके बाजूला काढा. पावसाळ्यात आमच्याकडे गोठवलेली सेक्शने नीट वाळत नाहीत आणि धुताना कडेने सुटतात. त्या सुटलेल्या कडेखाली सेकंडरी साचते व खोटा रंग येतो.

उत्तर (नेरूळ)
वरील उत्तराला एक जोड. फ्रेंच भ्रूणशास्त्रज्ञ निकोल ल द्वारँ यांनी 1969 मध्ये क्वेलच्या पेशी कोंबडीत ओळखण्याची ही पद्धत मांडली, तेव्हा असे प्रतिपिंड नव्हते. क्वेलच्या केंद्रकात हेटरोक्रोमॅटिन (घट्ट गुंडाळलेला डीएनए) केंद्रिकेभोवती (केंद्रकातल्या लहान गोळ्याभोवती) गोळा झालेले असते, कोंबडीच्या केंद्रकात ते विखुरलेले असते, आणि डीएनए रंगवणाऱ्या फॉयलगेन रंगाने हा फरक दिसतो. पातळ सेक्शनमध्ये केंद्रिका कापली गेलीच नाही, तर मात्र क्वेलची पेशी नजरेतून निसटते. प्रतिपिंडाची खरी मदत तिथेच होते. तरीही शंका असलेल्या पेशी फॉयलगेनने पडताळाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. उंदरात माणसाच्या पेशी रोवणाऱ्यांची अडचण याहून मोठी असते: प्रतिपिंड उंदरात बनवलेले असेल, तर सेकंडरी यजमानाच्या स्वतःच्या प्रतिपिंडांनाही धरते. आपले यजमान कोंबडीचे भ्रूण असल्याने हे कारण आपल्याला लागू नाही.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. फक्त सेकंडरी लावलेले सेक्शन तितकेच हिरवे निघाले. नको तिथे चिकटणे रोखणारे शेळीचे सीरम अधिक वेळ ठेवून आणि सेकंडरी पातळ करून उद्या पुन्हा रंगवते.