आधी धूर पाहावा, मग रॉकेल
थंडीच्या सकाळी डिझेल गाडी सुरू होत नसेल तर डिझेल गोठले असणार, म्हणून टाकीत थोडे रॉकेल मिसळावे, असा सल्ला दिला जातो; तो खानदेशापुरता तरी पटत नाही. धुळ्याचा पारा 5-6 अंशांवर आला तरी हिवाळ्यात मिळणारे डिझेल सहसा वाहतेच. शिवाय रॉकेलामुळे गाडीतल्या इंधन पंपाचे वंगण कमी होते, ते वेगळेच. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून डिझेलचा वास असलेला पांढरा धूर निघत असेल, तर इंधन पोहोचते आहे पण पेटत नाही, म्हणजे पहिला संशय हीटर प्लगवर (थंड इंजिन सुरू होण्याआधी ते आतून तापवणाऱ्या विजेच्या प्लगवर) घ्यावा. धूरच नसेल, तर डिझेलच्या नळीत हवा शिरून रात्रीतून डिझेल टाकीकडे परतले असण्याची शक्यता अधिक. हीटर प्लगांचा संशय असेल, तर त्यांना जोडणारी पट्टी सोडवून प्रत्येकाचा विद्युत रोध मल्टिमीटरने मोजावा. चांगल्या प्लगचा रोध साधारण 1 ओहम किंवा त्याहून कमी असतो, जळालेल्या प्लगमधून मात्र प्रवाहच जात नाही.