ध्यानात मेंदू ‘बंद’ होतो?

कुणीतरी लिहिलेलं वाचलं की ध्यानात मेंदू शांत होत होत जवळजवळ बंद पडतो. निदान तिबेटी भिक्खूंच्या बाबतीत उलटंच दिसलं होतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात रिचर्ड डेव्हिडसन आणि आंत्वान लुत्झ या मेंदू-संशोधकांनी २००४ साली छापलेला प्रयोग बघा. दहा ते पन्नास हजार तास ध्यान केलेले आठ साधक आणि तुलनेला आठवडाभर शिकवणी घेतलेले दहा विद्यार्थी. डोक्याला इलेक्ट्रोड लावून ‘सर्वांविषयी निरपेक्ष करुणा’ हे ध्यान करायला सांगितलं, तर साधकांच्या मेंदूत गॅमा लहरी (वेगवान विद्युत लहरी, सेकंदाला २५ ते ४२ आवर्तनं) चांगल्याच उसळल्या. झोपेतल्या संथ लहरींच्या अगदी दुसऱ्या टोकाचा हा प्रकार.

मला जास्त रस वाटला तो पुढच्या गोष्टीत. ध्यान सुरू होण्याआधी, नुसतं बसलेले असतानाही साधकांचं गॅमाचं प्रमाण विद्यार्थ्यांपेक्षा जास्त होतं आणि त्याचा संबंध वयाशी नव्हे, साधनेच्या तासांशी लागत होता. अर्थात आठच माणसं. शिवाय मुळातच असा मेंदू असलेलीच माणसं मठात टिकत असतील, तर? कपाळाचे नि मानेचे स्नायू ताणले तरी इलेक्ट्रोडवर लहरींच्या याच पट्ट्यात खोटे संकेत येतात, ही शंकाही रास्त आहे.

आणि सगळं ध्यान एकाच पोत्यात घालू नका. इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात आम्ही पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे फक्त श्वास बघत होतो. करुणेचं ध्यान वेगळं. (माझ्या मेंदूत तेव्हा बहुतेक पोह्यांच्याच लहरी असाव्यात.)