पेंटेकॉस्ट झाला, आता पुढे काय? पुनरुत्थानकाळ संपल्यावरची श्रद्धा आणि प्रेषितकार्य

प्रश्न

गेल्या रविवारी पेंटेकॉस्टचा, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा, सण झाला आणि मंगळवारी सकाळी मी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) गेलो, तेव्हा वेदीजवळची पास्काची (ईस्टरची) उंच मेणबत्ती तिथे नव्हती आणि धर्मगुरूंच्या अंगावर हिरवी वस्त्रे होती. एवढ्याशा बदलाने माझे मन अकारण खट्टू झाले. पास्कापूर्वीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस मी नेमाने पाळले होते, पास्काच्या जागरणाच्या रात्री अंधारात मेणबत्ती पेटवून ‘हालेलुया’ म्हणताना खरोखर भरून आले होते, आणि पुढचे पन्नास दिवस तो उत्साह थोडाफार टिकलाही होता. आता मात्र सगळे ओसरल्यासारखे वाटते आणि सकाळची प्रार्थना उरकल्यासारखी होते.

यातून दोन प्रश्न मनात आहेत. पहिला असा, की हे ओसरणे माझ्या श्रद्धेच्या उथळपणाचे लक्षण मानावे का? दुसरा अधिक अवघड आहे. पेंटेकॉस्टच्या प्रवचनात ‘तुम्हांला पाठवले आहे’ असे दरवर्षी सांगितले जाते; पण मी एका कार्यालयात हिशेबाचे काम करणारा माणूस आहे, माझे शेजारी आणि सहकारी निरनिराळ्या श्रद्धांचे आहेत, आणि मला नेमके कुठे, कशासाठी पाठवले आहे, हे मला अजून उमगलेले नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १

आपल्या पहिल्या प्रश्नात एक गैरसमज दडला आहे आणि तो आपल्या मराठी नावामुळे बळावतो, असे मला वाटते. पेंटेकॉस्टनंतर सुरू झालेल्या, हिरव्या वस्त्रांच्या ज्या काळाला आपण ‘सामान्य काळ’ म्हणतो, त्याचे लॅटिन नाव ‘वर्षभर चालणारा काळ’ अशा अर्थाचे आहे. इंग्रजी नावाचा संबंध क्रमाने मोजण्याशी जोडला जातो, कारण त्यातले तेहेतीस किंवा चौतीस आठवडे क्रमांकाने ओळखले जातात. ‘सामान्य’ म्हटले की आपल्याला वाटते सण संपला आणि उरले ते बिनमहत्त्वाचे. पण हे आठवडे मोजले जातात ते रविवारांवरून, आणि रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस आहे. रशियन भाषेत तर रविवारचे नावच ‘पुनरुत्थान’ या अर्थाचे आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळीत रविवारच्या सकाळच्या उपासनेत शुभवर्तमानांतले (येशूच्या चरित्रग्रंथांतले) पुनरुत्थानाचे अकरा पाठ वर्षभर आळीपाळीने वाचले जातात. म्हणजे ऐन पावसाळ्यात वा थंडीतही रिकामी कबर दर आठवड्याला समोर येतेच.

पास्कापासून पेंटेकॉस्टपर्यंतचे हे पन्नास दिवस वेगळे राखण्याची पद्धत फार जुनी आहे. ३२५ साली नायसिया येथे भरलेल्या धर्मसभेने रविवारी आणि या पन्नास दिवसांत गुडघे न टेकता उभे राहून प्रार्थना करावी, असा नियम घालून दिला होता. रोमन परंपरेत पुढे पेंटेकॉस्टनंतरही आठ दिवस सण लांबवला जाई. १९६९ च्या सुधारित दिनदर्शिकेने तो विस्तार काढून टाकला आणि पन्नासाव्या दिवशी काळ पूर्ण होईल, असे ठरवले. त्या बदलाबद्दल हळहळणारे लोक आजही भेटतात, आणि खरे सांगायचे तर मीही त्यांतलाच होतो. आता मात्र मला तो तडकाफडकी शेवट योग्य वाटतो, कारण आत्मा मिळाल्यावर शिष्य ते जमले होते त्या माडीवरच्या खोलीत आणखी आठवडाभर बसून राहिले नाहीत.

आणि आपली मेणबत्ती नाहीशी झालेली नाही. ती स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) कुंडाजवळ नेऊन ठेवतात. पुढे वर्षभर कोणाचा स्नानसंस्कार असला की ती पेटते आणि नव्या ख्रिस्ती माणसाची लहान मेणबत्ती तिच्यावरून लावली जाते. अंत्यविधीच्या वेळी ती शवपेटीजवळ ठेवतात. थोडक्यात, ती वेदीपासून निघून जन्माच्या आणि मरणाच्या जागी गेलेली आहे.

जाता जाता एक गोष्ट. ‘मिस्सा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, आणि त्याचे मूळ उपासनेच्या शेवटी लोकांना निरोप देणाऱ्या लॅटिन वाक्यात आहे. ‘मिशन’ हा शब्दही ‘पाठवणे’ या अर्थाच्या त्याच धातूपासून आलेला आहे. पेंटेकॉस्टच्या मिस्सात हा निरोप देताना दोनदा ‘हालेलुया’ जोडले जाते. निरोपातला तो दुहेरी ‘हालेलुया’ नंतर थेट पुढच्या पास्कापर्यंत थांबतो.

उत्तर २

वरील उत्तर माहितीपूर्ण आहे, परंतु दिनदर्शिका समजल्याने मनाचा कोरडेपणा जातोच असे नाही. मी ज्या मंडळीत वाढले, तिथे ईस्टर आणि पेंटेकॉस्ट पाळले जात असले तरी वस्त्रांचे रंग आणि काळांची नावे फारशी परिचित नव्हती, आणि तरीही ईस्टरनंतरची ही मरगळ आम्हांलाही चुकलेली नाही. म्हणून मी आपल्याला पवित्र शास्त्राकडेच नेते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभूला दोनदा पाहिल्यानंतर त्याचा प्रमुख शिष्य पेत्र काय करतो? तो मासे धरायला जातो आणि आणखी सहा शिष्य त्याच्याबरोबर जातात. रात्रभर काहीही मिळत नाही. यावरून पेत्राला दोष देणारी प्रवचने मी पुष्कळ ऐकली आहेत, पण मजकुरात त्याला कोणी रागावलेले नाही. पहाटे किनाऱ्यावर येशू कोळशांचा विस्तव पेटवून, त्यावर मासळी ठेवून, त्यांच्यासाठी न्याहारी तयार करत असतो. या ‘कोळशांच्या विस्तवा’साठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तो नव्या करारात फक्त दोन ठिकाणी येतो: एकदा इथे, आणि एकदा अठराव्या अध्यायात, जिथे प्रमुख याजकाच्या अंगणात शेकत उभ्या असलेल्या पेत्राने प्रभूला नाकारले. जिथे तो पडला होता, तोच वास आणि तीच धग घेऊन त्याला पुन्हा बसवले जाते. मग तीन वेळा प्रश्न येतो. प्रश्न ‘तुला आज काय वाटते?’ असा नसून ‘माझ्यावर तुझी प्रीती आहे काय?’ असा आहे, आणि प्रत्येक उत्तरानंतर येते ते काम: माझी कोकरे चार, माझी मेंढरे पाळ. उत्साह ओसरला तर बिघडले काय, हे मला या उताऱ्याने शिकवले.

आता दुसरा प्रश्न. पेंटेकॉस्टनंतर घडलेल्या गोष्टी ‘प्रेषितांची कृत्ये’ या नव्या करारातल्या पुस्तकात (प्रेषित म्हणजे येशूने पाठवलेले प्रमुख शिष्य) सलग वाचून पाहाव्यात, कारण आपण सहसा दुसऱ्या अध्यायातले वारा, जिभा आणि तीन हजार बाप्तिस्मे एवढ्यावरच थांबतो. सहाव्या अध्यायात पोहोचेपर्यंत मंडळीत कुरकूर सुरू झालेली आहे, आणि ती कशावरून? ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात वगळले जाते, यावरून. त्यासाठी सात माणसे निवडावी लागली. हिशेबाचे काम करणाऱ्या माणसाने हा अध्याय दोनदा वाचावा. कोणाला मिळाले आणि कोणाला नाही, याची नीट नोंद ठेवणारा माणूस पवित्र आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असावा, अशी अट प्रेषितांनी घातली होती.

त्यापुढे त्या सातांपैकी स्तेफनाचा वध होतो आणि छळामुळे यरुशलेमेतल्या विश्वासणाऱ्यांची पांगापांग होते. या पुस्तकाचा लेखक लूक तिथे एक बारकावा नोंदवतो, जो मी कित्येक वर्षे वाचूनही पाहिला नव्हता: प्रेषितांखेरीज सगळे पांगले. म्हणजे वचनाची सुवार्ता सांगत गावोगाव फिरले ते प्रेषित नव्हते. अकराव्या अध्यायात कुप्र आणि कुरेने येथील काही माणसे अंत्युखिया शहरात जाऊन ग्रीक लोकांशीही बोलू लागतात, आणि तिथेच शिष्यांना पहिल्यांदा ‘ख्रिस्ती’ हे नाव मिळते. त्या माणसांची नावे लूकाने दिलेली नाहीत. त्यांना कोणी समारंभपूर्वक पाठवलेही नव्हते. जीव वाचवायला ती घराबाहेर पडली होती आणि जिथे पोहोचली तिथल्या लोकांशी बोलली. ‘मला नेमके कुठे पाठवले आहे’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर कदाचित इतके साधे असेल, की आपण जिथे पोहोचला आहात तिथे.

उत्तर ३

मी अशाच एका कार्यालयात पुष्कळ वर्षे काढली आहेत, म्हणून माझी एक चूक सांगतो. माझ्या शेजारच्या मेजावर बसणाऱ्या सहकाऱ्याचे वडील वारले. ईस्टर नुकताच झाला होता आणि पुनरुत्थानाविषयीची प्रवचने माझ्या डोक्यात ताजी होती. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो आणि मृत्यूवरच्या विजयाबद्दल मोठ्या तळमळीने बोलू लागलो. मी एकही शब्द खोटा बोललो नाही. पण बोलता बोलता माझे लक्ष त्यांच्या हातांकडे गेले. वडिलांच्या चष्म्याची घडी ते उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते. मला ऐकून घेण्याचे बळ त्यांच्यात नव्हते आणि सभ्यपणामुळे ते मला थांबवूही शकत नव्हते. मी निघालो तेव्हा त्यांनी आभार मानले, याचीच मला अधिक लाज वाटली.

नंतर काही महिने मी त्यांच्यासमोर धर्माचे नावही काढले नाही. वारसाची कागदपत्रे, निवृत्तिवेतनाचे अर्ज, बँकेतली खाती, हे सगळे त्यांच्याबरोबर बसून मार्गी लावले; आपल्यासारख्या माणसांना ते जमते. वर्ष उलटल्यावर एकदा त्यांनीच विचारले, “तुम्ही लोक मेलेला माणूस उठतो असे मानता, ते खरोखर मानता का?” तेव्हा मी जे उत्तर दिले ते चार वाक्यांचे होते आणि त्यांनी ते पूर्ण ऐकले. पेत्राच्या पहिल्या पत्रात म्हटले आहे की, आपल्या आशेविषयी विचारणा करणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी सिद्ध असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. तिथे कोणीतरी विचारणारा गृहीत धरला आहे. कोणालाही आपल्याला विचारावेसे वाटत नसेल, तर उत्तराच्या तयारीपेक्षा आधी आपल्या वागण्याकडे पाहावे लागते.

लिझ्यूच्या संत तेरेझाविषयी आपण ऐकले असेलच. पंधराव्या वर्षी ती एकांतात प्रार्थना करणाऱ्या संन्यासिनींच्या कार्मेल मठात गेली आणि १८९७ साली चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. तेवढ्या काळात तिने मठाबाहेर राहून एकही मिशन चालवले नाही. तरीही १९२७ साली पोप पायस अकरावे यांनी तिला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने मिशनकार्याची आश्रयदाती घोषित केले. एकाने समुद्र ओलांडले आणि दुसरीने दूर गेलेल्या मिशनऱ्यांसाठी प्रार्थना केली, त्यांना पत्रे लिहिली. मंडळीला या दोघांना एका ओळीत बसवावेसे वाटले, ही बाब आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला मोलाची वाटते.

उत्तर ४

उत्तर ३ शी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, तरी एक सावधगिरीची सूचना करतो. ‘आपले चांगले वागणे हीच साक्ष’ असे म्हणता म्हणता आपण गप्प राहण्याला सद्गुण ठरवून टाकतो. प्रेषित पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात सरळ विचारतो की, सांगणारा नसेल तर लोक ऐकणार कसे? चांगले वागणारी माणसे सर्व श्रद्धांत असतात आणि कोणतीही श्रद्धा न मानणाऱ्यांतही असतात. माझ्या सचोटीवरून येशू उठला आहे, असे कोणालाही आपोआप कळणार नाही. सौम्यता हवीच, आग्रह किंवा आमिष तर मुळीच नको, पण विचारल्यावर संकोचून ‘सगळे एकच आहे’ असे म्हणून विषय टाळणेही प्रामाणिकपणाचे नाही. आपली ती चार वाक्ये कोणती आहेत, हे आपल्याला स्वतःला तरी माहीत असावे.

प्रश्नकर्त्याचे निवेदन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर १ वाचल्यावर मी काल संध्याकाळी मुद्दाम स्नानसंस्काराच्या कुंडापाशी गेलो. मेणबत्ती तिथेच होती. तिच्यावरचा क्रूस, अल्फा आणि ओमेगा ही अक्षरे, चालू वर्षाचे चार आकडे आणि धूपाचे पाच खिळे मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. वेदीपाशी ती नेहमी उंचावर आणि लांब असे. पन्नास दिवसांत ती वीतभर तरी कमी झाली असावी.

उत्तर २ मधील विधवांच्या वाटपाचा उल्लेख मात्र मला जरा झोंबला. आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या परिसरात) गरजू कुटुंबांना मदत देणाऱ्या गटाची यादी माझ्याकडे तपासायला येते आणि मी फक्त बेरीज जुळते की नाही एवढेच पाहतो. काल रात्री मी ती पहिल्यांदाच नावे वाचण्यासाठी उघडली. तीन कुटुंबांपुढे सलग चार महिने मदत पोहोचल्याची नोंद नाही आणि का नाही, याचा शेराही नाही. येत्या शनिवारी मी त्या तीन घरी जाणार आहे. उत्तर ४ मध्ये विचारलेली चार वाक्ये मी लिहायला बसलो होतो. दोन लिहून झाली आणि तिसऱ्यावर अडलो आहे. कोणी आपली लिहिली असतील, तर ती वाचायला मला आवडेल.