'सर्व्हंट'ला मराठीत काय म्हणायचं? (पत्रांच्या अनुवादातली अडचण)

अबोली

एका दिवाळी अंकासाठी जुन्या अमेरिकन पत्रांचा अनुवाद करतेय आणि तीन आठवडे एका शब्दावर अडून बसलेय.

पत्रं जॉर्जिया राज्यातल्या लिबर्टी काउंटीतल्या जोन्स कुटुंबाची. वडील चार्ल्स कॉलकॉक जोन्स, प्रेस्बिटेरियन पाद्री. आई मेरी, दोन मुलगे, एक मुलगी. समुद्रकाठचा दलदलीचा मुलूख, भात आणि लांब धाग्याचा कापूस. माँटेव्हिडिओ, आर्केडिया आणि मेबँक असे तीन मळे. ('मळा' बरोबर की चूक हा वाद कृपया इथे नको.) थोरला मुलगा सव्हानात वकील, १८६० मध्ये तिथला महापौर. घरातलं कोणीही चार कोसांवर गेलं की पत्र. पीकपाणी, ताप, बाळंतपणं, प्रवचनं, सगळं त्यात. १८५४ ते १८६८ मधली पत्रं १९७२ साली एका जाडजूड ग्रंथात छापून आली.

अडचण अशी की या घराच्या मालकीची शंभरावर गुलाम माणसं होती, पण पत्रांत गुलामाला थेट गुलाम म्हटलेलं क्वचितच सापडतं. जिथेतिथे 'सर्व्हंट्स', नाहीतर 'अवर पीपल'. पत्राच्या शेवटी 'सगळे सर्व्हंट्स हाउडी सांगतात'. संपादक म्हणतात, सरळ 'नोकर' लिहा, वाचकाला संदर्भावरून कळेल. मला ते पटत नाही. नोकराला पगार असतो, आणि तो उद्या उठून दुसरीकडे जाऊ शकतो.

दुसरा छोटा प्रश्न: 'फॅमिली पेपर्स'ला काय म्हणू? 'कौटुंबिक कागदपत्रे' म्हटलं की रेशनकार्ड डोळ्यांपुढे येतं.

कोपरगावचा पोस्टमन

यात अडण्यासारखं काय आहे? गुलाम. जोतीरावांनी १८७३ मध्येच हा प्रश्न निकालात काढलाय. 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिकाच त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना वाहिली. तुमच्या जोन्सबाईंना वारून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली असतील.

अबोली

बाई १८६९ मध्ये गेल्या, म्हणजे हिशेब बरोबर. पण पोस्टमनकाका, जोतीराव स्वतःच्या तोंडून बोलत होते. मला मेरीबाईंच्या तोंडून बोलायचंय. त्या 'गुलाम' म्हणत नव्हत्या, हीच तर गंमत आहे. मी 'गुलाम' लिहिलं तर त्यांचा खोटेपणा मीच धुऊन काढल्यासारखं होईल.

वसंत_पु

शुद्ध मराठी शब्द असताना अरबी कशाला? दास, दासी. विषय संपला.

खान्देशी भरीत

वसंतराव, 'शुद्ध' म्हणालात म्हणून सांगतो, नोकर आणि चाकर हेसुद्धा बाहेरचेच आहेत. चाकर फारसी. नोकर तर मंगोल भाषेतून फारसीमार्गे आलाय, आणि मुळात त्याचा अर्थ सोबती. चंगेजखानाचे जिवाभावाचे सोबती ते नोकर. बाहेरचे सगळे काढले तर घरात भांडी घासायला कोणी उरणार नाही.

मुद्द्याचं म्हणजे आमच्याकडे सालदार असतो. आखाजीला (अक्षय तृतीयेला) साल संपतं, हिशेब होतो, पटलं तर पुढचं साल नाहीतर राम राम. सालदारीत पिळवणूक होती, माझ्या वडिलांनी काढलेली सालं मला माहीत आहेत. पण आखाजीचा दिवस होता. लिबर्टी काउंटीत आखाजी नव्हती. तेव्हा सालदार, सालगडी हे शब्द चुकूनही वापरू नका.

चिंचेचा कोळ

'गडीमाणसं' कसं वाटतं? माझ्या आजोळी, रत्नागिरीकडे, आजी कधी 'नोकर' म्हणाली नाही. 'आमची माणसं' म्हणायची. 'आमची माणसं जेवली का गं?' केवढं मायेचं वाटायचं तेव्हा. ती माणसं मागच्या पडवीत, वेगळ्या पत्रावळीवर जेवायची, आणि त्यातला एक जण आजोबांच्या वडिलांनी दिलेल्या कर्जापोटी तिसऱ्या पिढीत राबत होता, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तुमचं ते 'अवर पीपल' वाचलं आणि आजीचा आवाजच ऐकू आला. माझं मत 'आमची माणसं'ला.

वसंत_पु

कोकणातल्या प्रत्येक घराला अमेरिकेच्या रांगेत बसवायची फॅशन आलीय हल्ली.

चिंचेचा कोळ

मी प्रत्येक घराबद्दल बोलले नाही. माझ्या आजीबद्दल बोलले.

भिंगारकर

दास या शब्दाबद्दल. वसंतरावांचा शब्द बरोबर आहे, कारण मात्र त्यांनी दिलं ते नव्हे.

जोन्स पाद्री होते, आणि त्यांच्या तोंडचा 'सर्व्हंट' हा इंग्रजी बायबलमधला आहे. मूळ ग्रीकमध्ये 'दूलोस', म्हणजे चक्क गुलाम. राजा जेम्सच्या इंग्रजी भाषांतरात त्याचा 'सर्व्हंट' झाला. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात प्रेषित पौल ज्यांना धन्याचं ऐका म्हणतो ते हेच. आमच्या मराठी बायबलात त्यांना 'दास' आहे. दक्षिणेतल्या मालकांना हा शब्द फार सोयीचा पडला. पवित्र शास्त्रातलाच शब्द, मग त्यात वावगं काय?

या जोन्सांचीच गोष्ट आहे. बायबलमधलं फिलेमोनाचं पत्र (पौलाने एका गुलाममालकाला लिहिलेलं) घेऊन ते गुलामांपुढे प्रवचन करत होते. पळून जाणं पाप आहे, पौलानेही पळालेल्याला परत पाठवलं, असं सांगायला लागल्यावर निम्मे श्रोते उठून चालते झाले. हे त्यांनी स्वतःच अहवालात लिहून ठेवलंय. त्यामुळे पत्रांत 'दास' घातलात तर ती पाद्र्याची शाई तरी दिसेल.

ता. क. 'हाउडी'चं काय केलंत? 'रामराम' केलं असेल तर हात जोडतो. आमच्या नगरकडे 'सलाम' चालतो.

अबोली

भिंगारकर, पकडलंत. 'रामराम'च केलं होतं. आता खोडते.

दासबद्दल धर्मसंकट असं की मराठी कानाला दास म्हटलं की रामदास, तुळशीदास ऐकू येतात. दास होण्यात आपल्याकडे मान आहे. 'माँटेव्हिडिओवरचे सगळे दास सलाम सांगतात' हे वाचून वाचकाला दिंडी आलीय असं वाटेल.

मोडीची गोडी

उशिरा आलो. तुमचा शब्द आपल्याच जुन्या कागदांत आहे. पेशवाईतल्या कागदांत गुलाम बाईला 'कुणबीण' आणि पुरुषाला 'पोरगा' म्हटलेलं सापडतं. विकत घेतलेली, बक्षीस दिलेली, पळून गेलेली, सगळ्या प्रकारची. शिवाय 'बटीक' आहेच. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश उघडा, कुळंबीण म्हणजे कुळंब्याची बायको, आणि दुसरा अर्थ गुलाम बाई. बटकीचा म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, भांडणात वापरतो आपण.

आणि हे सगळं प्राचीन वगैरे नाही. आपल्याकडे कंपनी सरकारने गुलामीची कायदेशीर मान्यता काढली १८४३ मध्ये, आणि गुलाम बाळगणं गुन्हा ठरलं ते १८६०च्या दंडसंहितेनं. अमेरिकेत गुलामी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ची. फार अंतर नाही.

वऱ्हाडी ठेचा

म्हणजे कुणब्याची बायको आणि विकत घेतलेली बाई, दोघींना एकच शब्द? लिहिणाऱ्या कारकुनाचं कौतुकच केलं पाहिजे. मी कुणबी आहे. हा शब्द छापील अंकात आला तर पहिलं पत्र माझं येईल.

मोडीची गोडी

वापराच असं म्हणालो नाही. आहे असं म्हणालो.

वऱ्हाडी ठेचा

ठीक. 'पोरगा' मात्र चांगला आहे. पन्नाशीच्या माणसाला पोरगा म्हणणं यातच सगळं आलं. त्या लोकांतही काळ्या म्हाताऱ्याला 'बॉय' म्हणत.

बदाम सत्ती

थांबा थांबा! गुलाम हा अरबी शब्दसुद्धा मुळात 'मुलगा' याच अर्थाचा. पत्त्यांत राजा, राणी, गुलाम. इंग्रजीत या पत्त्याला आता जॅक म्हणतात, पण जुना शब्द 'नेव्ह', आणि त्याचाही मूळ अर्थ पोरगा! मग नोकर पोरगा, मग लबाड. म्हणजे पोरगा, गुलाम, नेव्ह, बॉय, चारही शब्दांत एकच खेळ.

खान्देशी भरीत

वा. आणि दुसरी जोडीही लागते. मंगोल नोकर म्हणजे सोबती, आणि आपला गडी म्हणजे खेळातला सोबती. 'गडी अंगानं उभा नि आडवा' मधला गडी. दोन्ही सोबती शेवटी गोठ्यात शेण काढायला. एक तर पोर म्हणायचं नाहीतर मित्र म्हणायचं, गुलाम सोडून काहीही.

वसंत_पु

गडी हा 'गड' वरून आला. गडावर राहणारा शिपाई तो गडी. मावळात अजून म्हणतात.

मोडीची गोडी

मग गाडीत बसणारा तो गाढव का? ही व्युत्पत्ती कुठून आणलीत?

वसंत_पु

माझे आजोबा सांगत. ते मराठीचे शिक्षक होते.

कोपरगावचा पोस्टमन

झालं. आजोबा आले की चर्चा संपली.

अबोली

मंडळी, मूळ प्रश्नाकडे येऊ या का? एक उपप्रश्नही आहे. माँटेव्हिडिओवर केटो नावाचा 'ड्रायव्हर' आहे. अंकाच्या आधीच्या कच्च्या खर्ड्यात कोणीतरी त्याला 'गाडीवान' करून ठेवलंय. तो गाडीवान नाही. तो स्वतः गुलाम आणि बाकीच्यांकडून काम करून घेणारा. मालक परगावी असताना त्याने मळ्याची हकीकत कळवणारी पत्रं पाठवलीत, दुसऱ्याकडून लिहवून घेऊन. गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं जॉर्जियात १८२९ पासून कायद्याने बंद होतं.

कोयत्याची मूठ

मुकादम. डोळे झाकून मुकादम लिहा. मी बीडचा, सहा हंगाम आईबापाबरोबर ऊसतोडीच्या फडात काढलेत. ज्याच्यावर वरून दाब असतो आणि जो खाली दाबतो, ज्याची जात आपलीच असते आणि ज्याला आपण सगळ्यात जास्त शिव्या देतो, तो मुकादम.

आणि एक. तुमच्या पत्रांत माणसं मोजायला 'हँड्स' येत असेल. त्याचं 'हात' करू नका. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकट्याला अर्धा कोयता. 'टोळीत किती कोयते?' असंच विचारतात, माणसं किती कोणी विचारत नाही.

अबोली

अंगावर काटा आला. त्या लोकांत खरंच पूर्ण हँड, अर्धा हँड, पाव हँड अशी प्रतवारी असायची. पोरं आणि म्हातारे अर्धे-पाव. मुकादम पक्का.

रोजचं काम 'टास्क'वर. पाव एकराचा तुकडा नेमून द्यायचा, तो झाला की सुट्टी. याला 'उक्तं' म्हणू?

कोयत्याची मूठ

उक्त्यात पैसे ठरतात. नेमून दिलेलं म्हणा.

चिंचेचा कोळ

पुढे काय झालं त्या घराचं?

अबोली

डिसेंबर १८६४ मध्ये, यादवी युद्धात, उत्तरेच्या शर्मन सेनापतीचं सैन्य आलं. माँटेव्हिडिओत मायलेकी अडकल्या होत्या, लेक गरोदर. जानेवारीत बाहेर लूट चालू असताना ती बाळंत झाली. त्यानंतरच्या पत्रांत मेरीबाई सारख्या चिडलेल्या आहेत, 'पीपल' सोडून चाललेत म्हणून. कोण आपलं, कोण कृतघ्न, याद्याच्या याद्या. तिथे मात्र 'आमची माणसं' चपखल बसतं. चिंचेच्या कोळाचं मत मी बहुधा मान्य करतेय.

भिंगारकर

आणि 'सर्व्हंट' आला की 'दास'?

अबोली

नाही, तिथे 'चाकर' की 'गडी' ते अजून ठरत नाही.

पण आता खरी अडलेय ती वेगळ्याच ठिकाणी. ट्युलेन विद्यापीठातल्या जोन्सांच्या कागदांत १८५८ सालचं एक पत्र आहे, घरच्यांपैकी कोणाचंच नाही. एब्रीम स्क्रिव्हन नावाच्या गुलामाने सव्हानातून बायकोला, डायनाला, लिहिलंय. न्यू ऑर्लिन्सच्या एका व्यापाऱ्याला मला विकलंय, आईबापांना माझा निरोप सांग, या जगात भेट झाली नाही तर स्वर्गात होईल. त्यात 'सर्व्हंट' नाही की काही नाही. 'आय ॲम सोल्ड' एवढंच. आता याचं काय करू? 'मी विकला गेलोय' लिहिलं तर आजच्या मराठीत नगरसेवकाने पक्ष बदलल्यासारखं वाटतं.

वऱ्हाडी ठेचा

'मला विकलं.'

अबोली

'मला विकलं' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणी? त्याने ते लिहिलेलं नाही. मुद्दाम असेल, नसेल. तसंही पत्र मालकाच्या हातून जाण्याची शक्यता.

मोडीची गोडी

बायकोला लिहिलेलं पत्र मालकाच्या दप्तरात सापडतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून सांगतो: 'जोन्स दप्तर' म्हणा. रुमाल, बाड हेही शब्द आहेत, पण दप्तरात मालकाचा हात दिसतो. 'कौटुंबिक' म्हणाल तर एब्रीमचं कुटुंब त्यात कुठे बसवणार?

वसंत_पु

दप्तर फारसी आहे.

मोडीची गोडी

त्याच्याही आधी ग्रीक आहे. 'डिफ्थेरा', कातडं. चालेल का?

कोयत्याची मूठ

'माझी विक्री झाली' कसं?

अबोली

गुरांच्या बाजाराची पावती वाटते.

कोयत्याची मूठ

हो, तेच म्हणतोय.

बदाम सत्ती

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण गुलामचोर खेळताना तुमच्याकडे चार गुलामांतले किती काढून ठेवतात? आमच्याकडे तीन काढतात, बायकोच्या माहेरी एक काढतात. काल यावरून घरात वाजलं.