प्रति: उतारावर न्यूट्रल

उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं असं वर दोघांनी लिहिलंय, ते कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्यांपुरतं एकवेळ ठीक, आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या (इंजिनात पेट्रोल मोजून फवारणाऱ्या) गाडीत उलटं आहे. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) पेट्रोल फवारणारे इंजेक्टरच बंद करतो, चाकंच इंजिन फिरवत राहतात, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं का होईना पेट्रोल जाळावंच लागतं. (आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, फार खाली आले की इंजेक्शन परत सुरू होतं, तो भाग वेगळा.)

आणि पेट्रोल सोडा हो, खरा प्रश्न ब्रेकचा आहे. पहिल्या नोकरीत मला मालाच्या टेम्पोबरोबर जावं लागायचं, तेव्हाचे आमचे ड्रायव्हरकाका घाट उतरायच्या आधीच खालचा गिअर टाकायचे, म्हणायचे ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून धरला की लायनर (ब्रेकमधले घासणारे पट्टे) तापतात आणि मग पेडल कितीही दाबा, पकड कमीच होत जाते, भरलेल्या गाडीत तर फारच लवकर. ऑटोमॅटिकवाल्यांनीसुद्धा डी (नेहमीचा ड्राइव्ह) मध्ये सोडून नुसता ब्रेक धरण्यापेक्षा एल (लो, म्हणजे खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड वापरावा, तो त्यासाठीच दिलेला असतो.